वर तांबं, आत ॲल्युमिनियम

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. कंपाउंडवरचे मोठे फिरते कॅमेरे दिवसभर झकास चालतात आणि अंधार पडला की एकेक करत बंद पडतात. म्हणजे नेमके चोराच्या सोयीने! आधीच्या ठेकेदाराने एक कॅमेरा बदलला, मग नेटवर्क स्विच (केबली जिथे एकत्र येतात तो डबा) बदलला आणि शेवटी 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम' म्हणून यूपीएसचं कोटेशन देऊन हात झटकले.

मी मुद्दाम संध्याकाळची वेळ मागून घेतली. हे कॅमेरे पीओईवर होते, म्हणजे डेटा आणि वीज एकाच केबलमधून. लॅपटॉपवर स्विच उघडून बसलो. उजेड होता तोवर पोर्टवर १०-११ वॅट दिसत होते. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले, कॅमेरा फिरला, तसा आकडा चढत ३० च्या पुढे गेला आणि स्विचने त्या पोर्टची वीजच तोडली. त्या स्विचचा प्रत्येक पोर्ट ३० वॅटच देतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात मात्र जास्तीत जास्त २५ वॅट लिहिलेले. मग वरचे पाच-सहा वॅट कोण खातंय? मध्ये केबलशिवाय काही नव्हतंच.

"केबल कॅट-६ आहे, टेस्ट करून घेतलीय," मेंटेनन्सचे साहेब म्हणाले (कॅट-६ म्हणजे नेटवर्क केबलचा एक ठरलेला दर्जा, आत आठ तारांच्या चार जोड्या) आणि दिव्यांचा छोटा टेस्टर लावून दाखवला. १ ते ८ दिवे ओळीने लागले. तो टेस्टर खोटं बोलत नाही, पण त्याला कळतं एवढंच की तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तुटलेली नाही आणि क्रम बरोबर आहे. जोड्यांची अदलाबदल झाली असली तरी दोन्ही टोकांना सारखीच चूक असेल तर तो खुशाल हिरवा दिवा दाखवतो. तार कशाची आहे, हे तर त्याला विचारूच नये.

मी साधा मल्टिमीटर काढला. कॅमेऱ्याकडचं टोक सोडवून निळ्या जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळल्या, स्विच बसवलेल्या रॅककडून रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजला. केबल साधारण ८५ मीटर. चांगल्या तांब्याच्या कॅट-६ मध्ये १०० मीटरला एका तारेचा रेझिस्टन्स ९.३८ ओहमपेक्षा जास्त नसावा. म्हणजे जाऊन-येऊन फार तर १६ यायला हवा. मीटर ३६ दाखवत होता. नारिंगी जोडी लावली, तीही तशीच.

मग कटरच्या पात्याने तार हलकेच खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि खाली पांढरी चमक. सीसीए: ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर, आणि तारही नेहमीपेक्षा बारीक. काही जण लायटरने जाळून बघतात. बाजूला थिनरचे ड्रम असताना मी तो शहाणपणा करत नाही. उरलेला ३०५ मीटरचा बॉक्स स्टोअरमध्ये होता, तो मी एका हाताने सहज उचलला. तांब्याचा असता तर उचलताना कंबर बोलली असती. जॅकेटवर 'कॅट-६' ठळक छापलेलं होतं. शाई स्वस्त असते. केबलची मानकं ठरवणाऱ्या संस्थांपैकी टीआयए असो वा आयएसओ, कॅट-६ ला निखळ तांबंच लागतं, मुलामा चालत नाही.

परचेसवाल्यांनी लगेच विचारलं, "मग आता कॅट-८ टाकायची का?" अहो, कॅट-८ जेमतेम ३० मीटरसाठी, डेटा सेंटरच्या रॅकमधली गोष्ट. कॅमेऱ्यांना चांगली कॅट-६ पुष्कळ झाली. ऑफिसात पुढे १० गिगाबिटचं नेटवर्क हवं असेल तर कॅट-६ए घ्या, कारण कॅट-६ वर ते ५५ मीटरपर्यंतच चालतं. बाकी पैसा २३ गेज जाडीच्या निखळ तांब्याच्या तारेत घाला. आणि ऑर्डरमध्ये 'निखळ तांबं' हे शब्द लिहून घ्या. नुसतं 'कॅट-६' लिहिलंत की पुरवठादाराला वाट मोकळी.

कंपाउंडच्या सगळ्या केबल बदलल्या. प्रत्येक लाइन भाड्याने आणलेल्या सर्टिफायरवर (केबल मानकाला उतरते का ते मोजणारं यंत्र) तपासून रिपोर्ट फाइलला लावला. त्याच फिरत्या कॅमेऱ्याचा पोर्ट आता रात्री २७ च्या आत राहतो. ऑफिसातली तसलीच जुनी केबल काढायला मालक तयार नव्हते, "संगणक तर चालतायत ना!" चालतायत, खरंच. म्हणून तिथे फक्त एक अट घातली: ऑफिसच्या केबली जिथे येतात त्या पॅनेलवरून पीओईचं काहीही जोडायचं नाही. हँडओव्हरच्या कागदावर तसं लिहून त्यांची सही घेतली.