काढून ठेवलेला थर्मोस्टॅट

लातुरात औसा रस्त्यावर माझे गॅरेज आहे. सव्वीस वर्षे मी गाड्यांना जपत आलो ते उन्हापासून. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उकळलेल्या गाड्यांची दारात रांग लागते, आणि रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप यांची सगळी दुखणी आता हाताला पाठ झाली आहेत. त्यामुळे गेल्या डिसेंबरात आडतीवर हिशेब पाहणारा एक तरुण आपली आठशे सीसीची पेट्रोल गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, जानेवारीत आईला घेऊन मनालीला जायचंय, गाडी बर्फासाठी तयार करून द्या," तेव्हा मी लगेच होकार देऊ शकलो नाही.

त्याचा थोरला भाऊ सीमा सडक संघटनेच्या नोकरीत तिकडे राहतो, आणि आईने नातवाला अजून पाहिले नव्हते. प्रवास एका बाजूने सुमारे दोन हजार किलोमीटरचा. शिवाय जमल्यास अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत जायचे त्यांच्या मनात होते. पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद झाली की पलीकडचे लाहौल खोरे महिनोन् महिने तुटलेले असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचे उद्घाटन झाले आणि आपल्याकडच्या छोट्या गाड्याही भर हिवाळ्यात तीन हजार मीटरपेक्षा उंच जाऊ लागल्या. रस्ता सोपा झाला म्हणून गाडीची तयारी न करता निघणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

बॉनेट उघडून रेडिएटरचे झाकण काढले तर आत गेरूसारखे लाल पाणी होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा रंग नाही की वास नाही. पुढे पाण्याच्या वाटेवरची घरटी खोलली, तेव्हा जिथे थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, असायला हवा ती जागा रिकामी होती. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून टाकलेले होते आणि इंजिनाची दोन तोंडे एकाच रबरी नळीने परस्पर जोडलेली होती. ती नळी आणि त्यावरच्या क्लिपा पाहताच मला माझाच हात ओळखू आला. जुनी वही काढली. मे २०१६ च्या पानावर या गाडीची नोंद होती : "थर्मोस्टॅट काढला, हीटर बायपास."

ते दुष्काळाचे वर्ष होते. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे त्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागत होते. माणसांनाच पाणी नव्हते, तिथे गाडीला बोअरचे मिळेल ते खारे पाणी घातले जाई. क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या बुजत आणि गाडी उकळे. अशा वेळी थर्मोस्टॅट काढून टाकला की पाणी सतत फिरत राहते आणि काटा खाली येतो, म्हणून आम्ही सगळेच मेकॅनिक तसे करत असू. खरा दोष साचलेल्या क्षारांचा होता आणि शिक्षा मात्र मी थर्मोस्टॅटला दिली. हीटरचा एक पाइप तेव्हा तडकला होता. लातुरात हीटर कोणाला लागतो, असा विचार करून तोही विषय मी बंद केला होता.

थर्मोस्टॅटच्या आत मेण असते. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास तापले की ते मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते; तोपर्यंत ते इंजिनातच फिरून त्याला लवकर गरम करते. झडपच नसेल तर उणे तापमानात इंजिन पुरेसे तापतच नाही. मग पेट्रोल जास्त जळते आणि त्याचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो. सगळ्यांत वाईट म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणाऱ्या हीटरमधून गार वारा येतो. बर्फाच्या रस्त्यावर हीटर केवळ ऊब मिळण्यासाठी लागत नाही. तीन माणसांच्या श्वासाने काच आतून धुरकटते, बाहेरून तिच्यावर बर्फ धरतो, आणि घाटाच्या वळणावर चालकाला समोरचे काही दिसत नाही. हे सगळे मी त्या तरुणाला समजावून सांगितले आणि चूक माझी आहे, या कामाची मजुरी घेणार नाही, असेही सांगितले. तो म्हणाला, "काका, तेव्हा अण्णांनी गाडी उकळते म्हणूनच आणली होती ना?" अण्णा म्हणजे त्याचे वडील, ते आता नाहीत.

नवा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी त्याला दोरा बांधून चहाच्या पातेल्यात पाण्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. झडप योग्य वेळी उघडते हे डोळ्यांनी पाहिल्यावरच तो घरटीत गेला. हीटरची कॉइल सुदैवाने शाबूत होती. उलट्या दिशेने पाणी सोडल्यावर तिच्यातून बराच वेळ लाल गाळ येत राहिला; शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवे पाइप जोडले.

कूलंटबाबत त्याचा आग्रह होता की पाणी अजिबात न मिसळता नुसते कूलंटच भरावे. ही समजूत अनेकांची असते आणि ती चुकीची आहे. कूलंटमधले मुख्य रसायन, निव्वळ इथिलीन ग्लायकॉल, उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. त्यात निम्मे डिस्टिल्ड वॉटर मिसळले तर तेच मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खालपर्यंत टिकते. त्याला पटवण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर स्वतःची खात्री करून घेण्यासाठी, शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये मी चार बाटल्या ठेवल्या. एकीत गाडीतून काढलेले लाल पाणी होते, दुसरीत नवे मिश्रण, तिसरीत इथे सर्रास वापरले जाणारे २० डब्ल्यू ४० ऑइल आणि चौथीत ५ डब्ल्यू ३०. फ्रीझरचा काटा उणे १८ दाखवत होता.

संध्याकाळी बाटल्या बाहेर काढल्या, तेव्हा आसपासचे चार दुकानदार पाहायला जमले होते. लाल पाण्याचा दगड झाला होता आणि बाटली बुडाशी फुगून फाटली होती. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ते गोठले तर लोखंडही तडकते. मिश्रण मात्र पाण्यासारखे हलत होते. २० डब्ल्यू ४० ची बाटली कलती केली, तर ते गुऱ्हाळातल्या काकवीसारखे रेंगाळत आले. ५ डब्ल्यू ३० सरळ वाहिले. "डब्ल्यू"च्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा असतो, हे मी वर्षानुवर्षे डब्यांवर वाचत होतो. प्रत्यक्ष पाहिले त्या दिवशी. गाडीच्या पुस्तिकेतही ५ डब्ल्यू ३० ची शिफारस होती. तेच भरले.

बॅटरी चार वर्षांची होती आणि स्टार्टर मारताच व्होल्ट नऊच्या खाली उतरत होते. उणे १८ अंशांत चांगल्या बॅटरीची ताकदही जवळपास निम्म्यावर येते, म्हणून ती बदलली. काच धुण्याच्या टाकीतले साबणाचे पाणी काढून न गोठणारे द्रावण भरले.

टायरच्या नक्षीला निदान चार मिलिमीटर खोली हवी. पुढचे दोन त्यात बसत नव्हते, ते नवे घातले. या गाडीची ओढ पुढच्या चाकांना असते, त्यामुळे बर्फाच्या साखळ्या पुढेच चढवायच्या. टायरवर १४५/८० आर १२ असा आकडा आहे, त्याच मापाच्या साखळ्या त्याने मागवल्या होत्या. त्या चढवून मी स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिले, कारण साखळी ब्रेकच्या नळीला घासली तर बर्फापेक्षा तीच घात करील. मग त्याला हातमोजे घालून चार वेळा साखळी चढवायला आणि उतरवायला लावली. पहिल्या वेळी पाऊण तास लागला, चौथ्या वेळी बारा मिनिटे.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी मी त्याच्याकडून वदवून घेतल्या. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तो गोठून धरतो. टायरमधली हवा तिथे सकाळी पुन्हा मोजायची. आणि बर्फात अडकून पडलो तर इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपायचे नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे गेली. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला की विषारी वायू आत येतो आणि त्याला वासही नसतो. हे सांगताना त्याची आई शेजारी बसली होती. त्या म्हणाल्या, "मी झोपतच नाही गाडीत."

जानेवारीतल्या एका सकाळी त्याचा मनालीहून फोन आला. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली होती, दहा मिनिटांत काटा मध्यावर आला होता आणि काच स्वच्छ होती. आदल्या रात्री बर्फ पडल्याने बोगद्याच्या वाटेवरच्या सोलंगच्या पुढे पोलिस फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या, गाड्याच सोडत होते. साखळ्या असूनही त्याने वाद घातला नाही. गाडी वळवून तो परत भावाच्या घरी गेला.

फोन ठेवल्यावर मी जुन्या वह्या उघडल्या आणि ज्या ज्या नोंदीत "थर्मोस्टॅट काढला" असे लिहिले होते ती पाने दुमडून ठेवली. एकूण एकोणीस गाड्या निघाल्या. काही विकल्या गेल्या होत्या, काही भंगारात गेल्या होत्या. अकरा जणांशी बोलणे झाले. आतापर्यंत चार गाड्या आल्या आहेत. त्यांचे रेडिएटर आधी साफ करतो आणि मगच झडप परत बसवतो.