टॉन्सिलचं ऑपरेशन: कोब्लेशन, कॉटरी की साधं?

पोराच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं, की आईबाप पहिल्यांदा विचारतात, "सिस्टर, लेसरनं करणार काय वो?" हल्ली लेसरच्या जागी कोब्लेशनचं नाव ऐकू येतं. मी कोल्हापुरात कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे, हत्यारांची ट्रॉली लावते. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण मला दिसतं ते सांगते.

जुनी, साधी पद्धत कोल्ड स्टीलची. ब्लेड, टॉन्सिल सोडवायचं डिसेक्टर, शेवटी बुडाशी तारेचा फास. उष्णता अजिबात नाही. टेबलावर रक्त जरा जास्त जातं. गॉज दाबून किंवा दोऱ्याची गाठ मारून ते थांबवतात. एवढ्याशा घशात, एवढ्या खोल गाठ सरकवणं हे कसब आहे, आणि ते बघताना मला आजही सर्जनच्या हाताचा आदर वाटतो. कॉटरी म्हणजे विजेच्या उष्णतेनं कापणं आणि रक्त थांबवणं. तिच्यात रक्त कमी दिसतं, काम लवकर होतं, पण भोवतालचा भाग भाजतो आणि पोराला गिळताना जास्त दुखतं. कोब्लेशनमध्ये सलाइनमधून रेडिओलहरी जातात, तापमान साधारण ४० ते ७० अंशांतच राहतं. त्याची वाँड, म्हणजे घशात घालायची कांडी, एकदाच वापरायची असते, म्हणून बिल चढतं.

पण महाग म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. ब्रिटनमध्ये २००३-०४ साली सुमारे ३४ हजार ऑपरेशनांची नोंद ठेवली होती. उष्णता न वापरता केलेल्या ऑपरेशनांत नंतरचा रक्तस्राव सगळ्यात कमी निघाला. कॉटरी आणि कोब्लेशनमध्ये जास्त. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २०१७ च्या आढाव्यात कोब्लेशननंतर पहिल्या दिवशी दुखणं थोडं कमी दिसतं, सातव्या दिवशी फरक जवळजवळ उरत नाही. म्हणून मी सांगते, मशीन कुठलं यापेक्षा डॉक्टरांना विचारा, "तुमचा हात कशावर बसलाय?"

आणखी एक विचारा: टॉन्सिल पूर्ण काढणार की आवरण ठेवून आतलंच? पोर घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आवरण ठेवण्याचा पर्याय असतो. दुखणं आणि रक्त दोन्ही कमी. थोड्या पोरांत टॉन्सिल परत वाढतं, एवढं लक्षात ठेवायचं.

मला खरी काळजी असते ती घरी गेल्यानंतरची. घशात पांढरा थर दिसतो, तो पू नव्हे. कान दुखतो, कारण घशाची आणि कानाची नस एकच. तिखट रस्सा काही दिवस नको, पण पोराला खायला लावा, चावू द्या, पाणी पाजत राहा. वेदनेचं औषध वेळेवर द्या, रडायची वाट बघू नका. पाचव्या ते दहाव्या दिवसात तो थर सुटतो आणि तेव्हाच रक्त येऊ शकतं, मग ऑपरेशन कुठल्याही पद्धतीनं झालेलं असो. पंचगंगेला पाणी चढलं की गगनबावड्याचा रस्ता बंद पडतो. चंदगडहून यायचं म्हटलं तर तासन्‌तास जातात. तिकडच्या आयांना मी हात जोडून सांगते, हे दिवस शहरात मावशीकडं, आत्याकडं, कुठंही राहा.

रात्री पोर झोपेतच सारखं आवंढा गिळत असेल, तर दिवा लावून घसा बघा. लाल ताजं रक्त दिसलं, थोडं असलं तरी, सकाळ होऊ देऊ नका. पोराला कुशीवर ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. फाइल मागून कुणीतरी आणेल.