सेव्हेनच्या डोंगरांतील पांढरे रस्ते

फ्रान्समध्ये सायकलने फिरायचे असेल, तर मार्ग आखताना आधी मिशलँ कंपनीचा कागदी नकाशा समोर पसरावा. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि खेड्याखेड्यांना जोडणारे लहान रस्ते पांढरे दाखवलेले असतात. जो रस्ता निसर्गदृष्ट्या विशेष देखणा असेल, त्याला हिरवी किनार असते. दक्षिण फ्रान्समधील सेव्हेनच्या डोंगराळ प्रदेशासाठी आम्ही शक्यतो पांढरेच रस्ते निवडले आणि जेथे पिवळ्याला पर्याय नव्हता, तेथे हिरव्या किनारीचा धरला. एवढे केले की वाहनांचा प्रश्न जवळजवळ मिटतो. हॉर्न नाही, धूर नाही, पाठीमागून रेटणारा ट्रक नाही. तासाभरात एखादी जुनी व्हॅन येते, चालक वेग कमी करतो आणि बराच बाजूने पुढे जातो. वस्तीबाहेर सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवणे तेथे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि या भागात तरी ते मनापासून पाळले जाताना दिसले.

सें-जाँ-द्यु-गार हे सुमारे दोनशे मीटर उंचीवरचे गाव सोडले की कोर्निश दे सेव्हेन हा रस्ता चढू लागतो. पहिलीच खिंड सुमारे सहाशे मीटरवर आहे, त्यामुळे सकाळच्या थंडीतही अंगावरचे जाकीट लगेच काढावे लागते. पण चढ अंगावर येत नाही. १८ व्या शतकाच्या आरंभी येथील प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी, ज्यांना कामिझार म्हणतात, चौदाव्या लुईविरुद्ध उठाव केला होता. तो मोडून काढताना सैन्याची ने-आण सोपी व्हावी म्हणून या धारेवरची जुनी वाट रुंद करण्यात आली. दडपशाहीसाठी तयार झालेली ही वाट आज सायकलस्वाराला अतिशय सोयीची वाटते, कारण ती दऱ्यांत उतरून पुन्हा वर येण्याऐवजी बराच वेळ डोंगराच्या माथ्यावरूनच जाते. डावीकडे एक खोरे, उजवीकडे दुसरे आणि दोन्हींच्या पलीकडे एकामागे एक निळसर होत गेलेल्या धारा. उन्हाळ्यातील रविवारी मात्र हाच रस्ता मोटारसायकलस्वारांना फार प्रिय असतो, म्हणून तेथे कामाच्या दिवशीच जावे.

या शांततेमागचे कारण आम्हाला हळूहळू उमगत गेले. या डोंगरांचा बराच भाग ज्यात येतो, तो लोझेर हा फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा. क्षेत्रफळ आपल्या सातारा जिल्ह्याच्या जवळपास निम्मे, पण लोकसंख्या केवळ ७७ हजारांच्या आसपास. १९ व्या शतकाच्या मध्याला ती याच्या जवळजवळ दुप्पट होती. म्हणजे हे रस्ते, पूल आणि डोंगरउतारावरच्या दगडी बांधांच्या पायऱ्या आजच्यापेक्षा कितीतरी अधिक गजबजलेल्या ग्रामजीवनासाठी बांधल्या गेल्या. माणसे गेली आणि रस्ते राहिले. निर्मनुष्य रानातून जाण्यापेक्षा हा अनुभव फार वेगळा आहे, कारण येथे प्रत्येक वळणावर कोणीतरी केलेले कष्ट दिसतात.

ल पोंपिदू या गावाच्या परिसरात रस्त्याकडेला एका ओसाड घरापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. भिंती शिस्टच्या चपट्या, करड्या दगडांच्या, छपरावर त्याच दगडाच्या जाड फरश्या. खालचे मजले नेहमीसारखे, पण सर्वांत वरचा मजला लांबच लांब असून त्याला ओळीने लहान खिडक्या आणि कोपऱ्यांत धुराडी. हे रेशीमकिड्यांचे घर. अळ्यांना ऊब मिळावी म्हणून कोपऱ्यांत शेकोट्या पेटवत आणि तुतीची पाने टोपल्यांनी वर नेत. १९ व्या शतकाच्या मध्यास रेशीमकिड्यांवर पेब्रीन नावाचा रोग आला आणि या खोऱ्यांचा कणाच मोडला. त्यावर उपाय शोधण्यासाठी लुई पाश्चर १८६५ मध्ये जवळच्या आलेस गावी आले. निरोगी अंडी निवडण्याची पद्धत त्यांनी घालून दिली, तरी तोवर बरेच नुकसान झाले होते. पुढे आशियातून येणारे स्वस्त रेशीम, चेस्टनटच्या झाडांवरचा रोग, आलेसच्या कोळसा खाणींचे आकर्षण आणि पहिले महायुद्ध यांनी उरलीसुरली घरे रिकामी केली. येथे चेस्टनटला ‘भाकरीचे झाड’ म्हणत असत, कारण धान्य न पिकणाऱ्या या उतारांवर त्याची वाळवलेली फळेच हिवाळाभर पुरत. ती झाडे आजही उभी आहेत. पिळवटलेल्या बुंध्यांची आणि आतून पोकळ झालेली. कोकणातील कुलूपबंद घरे पाहिलेल्या माणसाला या गावांतून जाताना काय वाटते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही.

रस्त्यांप्रमाणेच रेल्वेचेही झाले. फ्लोराक या गावाला मुख्य लोहमार्गाशी जोडणारी एक अरुंद रुळांची गाडी १९०९ मध्ये सुरू झाली आणि १९६८ मध्ये बंद पडली. मिमाँत नदीच्या काठाने फ्लोराकहून कासान्याकडे जाणारा तिचा मार्ग आता चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यासाठी राखलेला आहे. रूळ नाहीत, दाबलेली खडी, दगडी पूल आणि लहान बोगदे आहेत. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे हा चढ इतका सौम्य आहे की सामान लादलेली सायकलही गप्पा मारत चढवता येते. मोटारींचा वर्दळीचा रस्ता त्याच खोऱ्यातून जातो, पण आम्हाला तो क्वचितच जाणवला. खडी काही ठिकाणी सुटी आहे, म्हणून टायर रुंद हवेत.

फ्लोराकच्या दक्षिणेला तार्नों नदीच्या खोऱ्यातून एक रस्ता १०२८ मीटर उंचीच्या पेर्झ्युरे खिंडीकडे चढतो. खिंडीच्या अलीकडे एका वळणावर रोझे रिव्हिएर याचे स्मारक आहे. तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विश्वविक्रम नावावर असलेला हा सायकलपटू १० जुलै १९६० रोजी तूर द फ्रान्स शर्यतीत इटलीच्या नेन्चिनीचा पाठलाग करत हाच घाट उतरत होता. कठडा ओलांडून तो खाली कोसळला, त्याच्या पाठीचा कणा मोडला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. त्या वळणावर उभे राहून खाली पाहिले, तेव्हा नकळत ब्रेकवर हात गेला. आम्ही पूर्ण विराम घेऊन मगच चढ पुन्हा सुरू केला.

खिंडीच्या पलीकडे जग बदलते. शिस्टचे हिरवे, ओलसर डोंगर संपतात आणि कॉस मेजाँ हे चुनखडीचे उघडे पठार सुरू होते. पाऊस पडतो, पण पाणी दगडाच्या भेगांतून खाली निघून जाते. पठारावर वाहता ओढा नाही. मेंढ्यांसाठी म्हणून जमिनीत उथळ, गोल, दगडाने फरसबंद केलेली तळी बांधतात, त्यांना लाव्होन्य म्हणतात. अशाच एका तळ्यावर मेंढ्यांचा कळप उतरला, तेव्हा आम्ही सायकली आडव्या ठेवून बाजूला बसलो. शंभरेक घंटा एकदम वाजत होत्या, तरी पाण्याला तोंड लावल्यावर त्या हळूहळू थांबत गेल्या. या भागातील मेंढ्यांचे दूध रोकफोर चीजसाठी जाते. वर आकाशात गिधाडे होती. येथून ती नाहीशी झाली होती आणि १९८१ पासून झोंत नदीच्या कपारींत त्यांना पुन्हा सोडण्यात आले. आपल्याकडे गिधाडांचे काय झाले हे ठाऊक असल्याने त्यांच्याकडे पाहताना मला खरोखर भरून आले.

जायचे असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर निवडावा; जुलै-ऑगस्टमध्ये तार्न नदीच्या घळीतील रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. सकाळीच खरेदी उरकावी, कारण दुपारी बारानंतर दुकाने दोन-अडीच तास बंद असतात, आणि सोमवारी बेकरी उघडी मिळेलच असे नाही. पठारावर चढण्यापूर्वी फ्लोराक किंवा मेरुएस येथे सर्व बाटल्या भरून घ्याव्यात. वाटेतल्या खेड्यांत दफनभूमीच्या फाटकाशी बहुधा एक नळ असतो. त्यावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसल्याची खात्री करून तेथे पाणी भरावे. सायकलला सर्वांत हलका गिअर बसवून घ्यावा आणि दिवसाला पन्नास किलोमीटरहून अधिक अंतर आखू नये, म्हणजे रस्त्याकडेच्या घरांपाशी थांबायला वेळ राहतो.