इरुंगट्टुकोट्टई ते पुणे: ट्रॅकवर पळवलेल्या गाडीनेच घरी येताना

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवरून बाहेर पडलं की समोर एनएच ४८ लागतो. तोच रस्ता बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत पुण्यात येतो. अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. नकाशात हे इतकं सरळ दिसतं की रविवारी संध्याकाळी शेवटचं सेशन संपताच आमच्यातला धाकटा म्हणाला, "आत्ताच निघू. रात्रभर आलटून पालटून चालवली तर उद्या दुपारी घरी." मामांनी त्याच्या हातातून किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. त्या किल्लीमुळेच आमचा परतीचा प्रवास चांगला झाला, असं मी आजही मानतो.

आम्ही चौघं. धाकटा आणि मी गाडी चालवणारे, मामा गाडीचं सगळं बघणारे आणि ताई वेळा नोंदवणारी. हौशी लोकांची टाइम अटॅक स्पर्धा होती, म्हणजे दुसऱ्या गाडीला घासून जायचं नाही, शर्यत फक्त घड्याळाशी. पहिला शनिवार-रविवार कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर आणि पुढचा चेन्नईजवळ इथे. फॉर्म्युला मारुती या शर्यतीच्या गाड्या बनवणारे एस. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. तो ट्रॅक २.१ किलोमीटरचा, इथला ३.७ चा. ट्रेलर आम्हाला परवडत नाही. वर्षभर ऑफिसला नेतो तीच हॅचबॅक पुण्याहून चालवत नेली, दोन्ही ट्रॅकवर पळवली आणि चालवतच परत आणली. असं करणारे बरेच जण आहेत. हा वृत्तांत त्यांच्यासाठीच आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करून कामं करायच्या जागेत, दोन तास गेले. ते वाया गेले असं कुणी समजू नये. ट्रॅकवर टायर तापतात, आतली हवा वाढते आणि प्रत्येक सेशननंतर आपण ती थोडी थोडी काढत जातो. सकाळी टायर गार झाल्यावर मोजली तर आमच्या पुढच्या दोन्ही टायरमध्ये २७ पीएसआय होती. दाराच्या कडेला लावलेल्या स्टिकरवर चार माणसं आणि सामानासाठी ३३ लिहिलं आहे. सहा पीएसआय कमी हवेवर भरलेली गाडी दिवसभर शंभरच्या वेगाने नेली तर टायरची बाजू सतत दबत राहते, तापते आणि शेवटी फुटते. त्यामुळे हवा गार टायरमध्येच मोजा, आणि स्वतःच्या गेजने मोजा.

ब्रेकचंही तसंच. डॉट ४ हे ब्रेक ऑइल नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ वर येतो. कोइम्बतूरच्या तोकड्या वळणांवर ते उकळलं, त्यात बुडबुडे झाले आणि पेडल मऊ पडलं. गार झाल्यावर पेडल पुन्हा ठीक लागतं, तिथेच माणूस फसतो. मामांनी चारही चाकांचं ब्लीडिंग केलं, म्हणजे जुनं ऑइल आणि बुडबुडे काढून नवं भरलं. डाव्या पुढच्या चाकाकडून आलेलं ऑइल बाटलीत चहासारखं तपकिरी दिसत होतं. ब्रेक पॅड चार मिलिमीटर उरले होते. तीनच्या खाली गेले असते तर आम्ही चेन्नईतच बदलले असते.

चाकंही बदलली. इथला ट्रॅक घड्याळाच्या दिशेने पळवतात, त्यामुळे जास्त भार डाव्या बाजूवर येतो. डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड इतकी झिजली होती की हात फिरवला की रबराचे दाणे सुटायचे. रस्त्याचे टायर घातले आणि ट्रॅकचे चार मागे ठेवले. ते रॅचेट पट्ट्यांनी आवळून बांधा. जोरात ब्रेक लागला तर मोकळं चाक सीटवर येऊन आदळतं. जॅक आणि अग्निशामकही तसेच बांधा.

सोमवारी नऊ वाजता निघालो, पोटभर झोप घेऊन. वालाजापेटच्या अलीकडे, साधारण सत्तर किलोमीटरवर, मामांनी एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी थांबवायला लावली. चाकं काढून बसवल्यावर पन्नास ते ऐंशी किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे असतात. मला कंटाळा आला होता. काल तर स्वतः मीच आवळले होते. मामांनी टॉर्क रेंच लावला. नट हवा तेवढा आवळलेला असला की तो 'टक' वाजतो. उजवीकडच्या नटांवर लगेच 'टक' आवाज आला. डाव्या पुढच्या चाकाचे दोन नट मात्र आवाज येण्याआधी पाव फेरा फिरले. गाडीत अजून काहीच जाणवत नव्हतं, ना थरथर ना खडखड. मामा काही बोलले नाहीत. रेंच पुसून परत खोक्यात ठेवला. पुढे धाकट्याच्या हातात स्टिअरिंग असताना मी मागे बसून बराच वेळ त्या पाव फेऱ्याचाच विचार करत होतो.

त्यांची दुसरी सवय म्हणजे प्रत्येक थांब्यावर तळहाताची मागची बाजू चाकाजवळ धरून फिरायचं, रिमला न टेकवता. एखादं चाक इतरांपेक्षा फार गरम लागलं तर तिथला ब्रेक धरलेला आहे असं समजायचं.

बारा वाजता आंबूर. सीरग सांबा या बारीक तांदळाची बिर्याणी आणि सोबत वांग्याचा रस्सा. खाच, पण पुढे ज्याला चालवायचं आहे त्याने अर्धीच प्लेट खावी. होसूरनंतर बंगळुरू शहरात शिरू नका. इलेक्ट्रॉनिक सिटीपाशी नाइस रोड धरला की थेट तुमकुर रोडला निघता. त्याचा टोल वेगळा आहे, रोख पैसे जवळ असू द्या. आम्ही तीनच्या सुमाराला तिथे होतो, म्हणून संध्याकाळची गर्दी चुकली.

तुमकुरच्या पुढे एक गाडी शेजारी आली, दोनदा ॲक्सिलरेटर दाबला आणि आमच्याकडे बघत राहिली. दारावर आमचा स्पर्धेचा नंबर तसाच होता. धाकट्याचा पाय जड झालेला मला मागूनही कळला. ताईने एवढंच म्हटलं, "आपली वेळ रविवारी लागली." त्याने पाय काढला, ती गाडी गेली. पुढच्या थांब्यावर नंबरची पट्टी सोलून टाकली. तुम्ही पॅडॉकमध्येच काढा. दोन दिवस ट्रॅकवर काढले की डोळ्यांना वेगाचं भान राहत नाही. शंभर साठसारखे वाटतात, पुढच्या ट्रकचं अंतर भरपूर वाटतं. चौपदरी महामार्गावर कारला शंभरची मर्यादा आहे. आम्ही नव्वद ठरवले होते, आणि काटा त्याच्यावर गेला की ताई मोठ्याने सांगायची. विम्याचंही लक्षात ठेवा. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. गाडीत केलेले बदल कंपनीला कळवलेले नसतील तर रस्त्यावरच्या अपघातातही दावा अडू शकतो.

मुक्काम चित्रदुर्गला केला. डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या की आलंच. मंगळवारी सहाला निघून दावणगिरीत बेण्णे डोसा खाल्ला. हुबळी-धारवाड बायपासला रुंदीकरणाचं काम चालू होतं. तिथे समोरून येणारी वाहतूक एकदम अंगावर येते, ओव्हरटेक करायचा मोह सोडा. बेळगावात कुंदा घेतला आणि निपाणी-कागल करत दीडच्या सुमाराला कोल्हापूर गाठलं. तिथून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाच्या कामासाठी काढलेले वळणरस्ते इतके होते की अंदाजापेक्षा दीड तास जास्त गेला. हा टप्पा अंधारात करू नका, दिशादर्शक उशिरा दिसतात.

खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच उतारावर एस आकाराचं वळण होतं. ट्रॅकवरून आलेल्याला ते वळण खुणावतं. मी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर उतरवली. कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतारही असाच. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक तिथे किती जणांच्या अंगावर गेले आहेत हे पुणेकरांना सांगायला नको. आरशात मागे लक्ष ठेवा आणि ट्रकच्या पुढ्यात लेन बदलू नका.

सव्वासातला कोथरूडमध्ये पार्किंगला गाडी लावली. हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये ठेवली, कारण गरम ब्रेकवर तो ओढून ठेवणं मामांना चालत नाही. ताई कुंद्याचा डबा घेऊन वर गेली. मामा मोबाइलचा उजेड धरून चारही चाकांभोवती फिरले.

"सारखीच आहेत," म्हणाले, आणि किल्ली धाकट्याच्या हातात दिली.