भाचीचं टर्मिनल

आज भाचीच्या लॅपटॉपवर उबुंटूचं (लिनक्सचा एक प्रकार) टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, नीट लावून दिलं. कमांड सगळेच शिकवतात, पण टर्मिनल हाताला सोपं कसं करायचं ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी अक्षरं मोठी केली. मग टॅब: फाईलच्या नावाची सुरुवात टाइप करून टॅब दाबला की उरलेलं नाव आपोआप येतं. आणि कंट्रोल-आर! आधी कधीतरी दिलेली लांबलचक कमांड, तिच्यातला एखादा शब्द टाइप करताच समोर. "मामा, मी वरचा बाण दाबत बसायचे!" उबुंटूत बॅशच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) हिस्टरी फाईलला, म्हणजे जुन्या कमांडच्या नोंदीला, मुळात २००० ओळींची मर्यादा असते, होम फोल्डरमधल्या बॅशआरसी या सेटिंग फाईलमध्ये ती वाढवली. एफझेडएफ हा शोधायचा छोटा प्रोग्राम टाकून त्याची बटणं जोडल्यावर तर शोधणं आणखी सुखाचं झालं.

थीम, रंगीबेरंगी प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायच्या जागेआधी दिसणारा मजकूर) मुद्दाम टाळले. दुसऱ्याची तयार सेटिंग फाईल न समजता चिकटवू नये, नवशिक्यांनी तर नाहीच, असं माझं ठाम मत आहे. 'गिट स्टेटस'साठी (कोडमध्ये काय बदललं ते दाखवणारी कमांड) छोटा एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, मात्र तिनं स्वतः लिहिला, बॅशआरसी फाईल पुन्हा लोड केली आणि तो पहिल्या फटक्यात चालला. केवढा आनंद झाला दोघांना!

पुढच्या रविवारी टीमक्स, म्हणजे एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या.