तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॅक कॉलेजांच्या मुलांना वेगळी स्पर्धा कशाला?

मी अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका एचबीसीयूमध्ये, म्हणजे जुन्या ब्लॅक कॉलेजात, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवते आणि आमच्या मुलांच्या टीम्स लष्कराच्या टेक्नॉलॉजी स्पर्धांसाठी तयार करते, हे कळलं की नातेवाईक, शाळेच्या ग्रुपवरचे, इथल्या मंडळातले, सगळे थोड्याफार फरकाने एकच विचारतात, की अगं पण फक्त ब्लॅक कॉलेजांसाठी वेगळी स्पर्धा कशाला, हुशार असतील तर एमआयटीच्या मुलांसमोर उतरतील की. काहींना खरंच माहीत नसतं म्हणून विचारतात आणि काहींच्या डोक्यात आपल्याकडचा आरक्षणाचा वाद चालू असतो, ते लगेच कळतं. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे, पण ते चहा संपेपर्यंत सांगून होत नाही म्हणून लिहितेय.

एचबीसीयू म्हणजे 1964 च्या आधी मुख्यतः काळ्या विद्यार्थ्यांसाठी निघालेली कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्या, आज शंभरेक आहेत. वॉशिंग्टनची हॉवर्ड 1867 मधली, यादवी युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी निघालेली, आणि तिला नाव आहे ते उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांचं. (आपल्या जोतीरावांनी 1873 मध्ये आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, ती हीच पिढी.) पुढे 1890 मध्ये कायदा आला की सरकारी जमिनीच्या पैशावर चालणाऱ्या कॉलेजात एकतर काळ्यांना घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी अर्थातच वेगळी काढली. म्हणजे ‘वेगळं’ ही कल्पना या मुलांच्या आजी-आजोबांनी मागितलेली नव्हती, हे आधी लक्षात घ्या.

आता लॅब्जचं बघा, कारण माझ्या उत्तराचा सगळा भार त्यावर आहे. अमेरिकेतलं लष्करी संशोधन युनिव्हर्सिट्यांमध्ये मोठं झालं ते दुसऱ्या महायुद्धात. एमआयटीची रडारची लॅब 1940 ची, जॉन्स हॉपकिन्सची अप्लाइड फिजिक्स लॅब 1942 ची. अटलांटात जॉर्जिया टेकची संशोधन संस्था तर 1934 पासून चालू आहे आणि आज ती संरक्षण खात्याच्या मोठ्या आधारांपैकी एक आहे. पण जॉर्जिया टेकमध्ये पहिल्या काळ्या विद्यार्थ्यांना अ‍ॅडमिशन मिळाली 1961 मध्ये. म्हणजे सत्तावीस वर्षं तिथे लॅब होती, काम होतं, माणसं घडत होती, आणि त्याच शहरात मोरहाउस आणि स्पेलमन या काळ्या कॉलेजांत शिकणाऱ्या पोरांना त्या दारातून आत जायची सोय नव्हती. अशी लॅब एकदा उभी राहिली की पुढचं कामही तिलाच मिळतं, कारण मशीन तिच्याकडे असतं, सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त काम करायची सरकारी परवानगी) असलेली माणसं तिच्याकडे असतात, आणि पेंटागॉनमध्ये कुणाला फोन करायचा हे तिथल्या सरांना पाठ असतं.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूला पैसा अडवला जात होता. 2023 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि कृषिमंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली, की 1987 ते 2020 या काळात तुमच्या राज्यातल्या 1890 च्या त्या कायद्याखालच्या जमीन-अनुदानाच्या काळ्या युनिव्हर्सिटीला गोऱ्या युनिव्हर्सिटीच्या मानाने इतके इतके पैसे कमी दिलेत. सगळ्यांची बेरीज बारा अब्ज डॉलरच्या वर जाते. एकट्या टेनेसी स्टेटचे दोन अब्जांहून जास्त. हे गुलामगिरीच्या काळातलं नाही हो, मी स्वतः कॉलेजात होते तेव्हाही चालू होतं. मग संरक्षण खात्याच्या संशोधनाच्या पैशातला एक टक्कासुद्धा एचबीसीयूंकडे येत नाही याचं नवल का वाटावं.

म्हणून स्पर्धा. लष्करातले वेगवेगळे विभाग अशा स्पर्धा घेतात, आर्मीचा 2018 पासून चालू असलेला एक्सटेक प्रोग्रॅम त्यातला सगळ्यात ओळखीचा. साधारण पद्धत अशी की आधी विषय जाहीर होतो, मुलं दोनचार पानांत कल्पना लिहून पाठवतात, निवडलेल्या टीम्सना मेंटर मिळतो, आणि शेवटी परीक्षकांसमोर काही मिनिटांचं पिच, मग प्रश्न. बक्षिसाची रक्कम असते आणि कधी लष्कराच्या लॅबमध्ये इंटर्नशिपचा रस्ता उघडतो. लोकांना वाटतं पैसा महत्त्वाचा, मला विचाराल तर ती प्रश्नांची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची.

कारण सांगते. आमच्या एका टीमने मायक्रोफोनच्या छोट्या जाळ्यावरून ड्रोनचा आवाज ओळखणारा डबा केला होता, शूबॉक्सएवढा, आत स्वस्तातला कॉम्प्युटर आणि मुलांनीच ट्रेन केलेलं मॉडेल. क्लासरूममध्ये झकास चालायचा. परीक्षकांमध्ये एक सार्जंट बाई होत्या, त्यांनी मॉडेलबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी डबा हातात घेऊन वजन बघितलं, मग विचारलं की बॅटरी किती तास, बदलायची तर स्क्रू ड्रायव्हर लागतो का, वारा सुटला तर काय, जनरेटरशेजारी ठेवला तर काय, आणि हे बटण जाड हातमोजे घालून दाबता येईल का. आमची एक मुलगी, थर्ड इयरची, एरवी वर्गात फारसं न बोलणारी, तिने बाजूला पडलेले कुणाचे तरी थंडीचे हातमोजे घातले आणि दाबून बघितलं, दाबलं गेलं नाही. ती तिथल्या तिथे म्हणाली की बटणाऐवजी मोठा खटका लावू आणि झाकणाला स्क्रूऐवजी क्लिप. सार्जंट बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पिच संपल्यावर त्या तिच्याशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. या क्षेत्रातले लोक याला स्वॅप म्हणतात, साइझ, वेट अँड पॉवर, पुस्तकात ते एका ओळीत संपतं, पण ज्याला ते ओझं पाठीवर घेऊन चालायचंय तो माणूस समोर बसून विचारतो तेव्हा शिकणं वेगळंच होतं. मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांना असा माणूस सहज भेटतो, कारण तो त्यांच्या सरांचा जुना मित्र असतो. आमच्या मुलांना तो या स्पर्धेत भेटतो. वेगळ्या स्पर्धेचं कारण एवढंच आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

बरं, परीक्षक मार्क वाढवून देतात असंही नाही. बॅटरी दोन तासांत संपत असेल तर ती कुठल्याही कॉलेजची असली तरी दोन तासांतच संपते.

आणि या कॉलेजांना लष्करी तंत्रज्ञान नवीन आहे असं समजू नका. तुम्ही फोनवर मॅप उघडून रस्ता शोधता ना, त्या जीपीएसच्या मागे पृथ्वीच्या नेमक्या आकाराचं जे गणित आहे त्यातला मोठा वाटा ग्लॅडिस वेस्ट यांचा. व्हर्जिनियातल्या शेतकरी घरातली मुलगी, शाळेत पहिली आली म्हणून स्कॉलरशिप मिळून व्हर्जिनिया स्टेट या काळ्या कॉलेजात गणित शिकली, आणि 1956 मध्ये डालग्रेनच्या नौदलाच्या तळावर नोकरीला लागली. अमेरिकन हवाई दलाने तिचा जाहीर सन्मान केला 2018 मध्ये. टस्कीगी या अलाबामातल्या काळ्या कॉलेजाचंही तसंच, 1925 च्या लष्कराच्या स्वतःच्या अहवालात काळ्या माणसाच्या बुद्धीवर आणि धैर्यावर शंका घेतली होती, आणि 1941 पासून टस्कीगीत शिकून नऊशेच्या वर पायलट तयार झाले. माझे विद्यार्थी ही नावं लहानपणापासून ऐकत आलेले असतात, आपल्याला मात्र कुणी सांगितलेली नसतात.

माझी तक्रार आहे ती दुसरीच. स्पर्धा एका दिवसाची असते, फोटो छान येतात, मोठा चेक हातात धरून सगळे हसतात, आणि सोमवारी आमच्या लॅबमध्ये तोच जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र). पिच जिंकलेली कल्पना पुढे न्यायला दोन वर्षं पगार देता येईल असा रिसर्च इंजिनिअर लागतो, प्राध्यापकाला शिकवण्यातून थोडा वेळ सोडवून द्यावा लागतो, ग्रँटचे कागद सांभाळणारं ऑफिस लागतं. आमच्याकडे एकेक प्राध्यापक सेमिस्टरला चार कोर्स घेतो, तो प्रपोजल कधी लिहिणार? म्हणून 2023 च्या जानेवारीत हॉवर्डला हवाई दलाचं संशोधन केंद्र मिळालं तेव्हा मी खरंच खूप आनंदले. पाच वर्षांचा नऊ कोटी डॉलरचा करार, सोबत टस्कीगी, जॅक्सन स्टेट, हॅम्प्टन वगैरे इतर एचबीसीयू. युनिव्हर्सिट्यांशी जोडलेली संरक्षण खात्याची अशी चौदा केंद्रं देशात आधीच होती, एचबीसीयूच्या नेतृत्वाखालचं हे पहिलं. पाच वर्षांचा पैसा असला की माणसं नेमता येतात, आणि माणसं असली की स्पर्धेतल्या मुलीला पुढच्या वर्षी जायला जागा असते.

आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात येतो, की तुम्ही पोरांना युद्धाची साधनं बनवायला शिकवता, बरं वाटतं का. हॉवर्डच्या केंद्राचा विषय टॅक्टिकल ऑटोनॉमी आहे, म्हणजे माणसाच्या कमीत कमी देखरेखीखाली चालणारी यंत्रं, आणि त्यातली काही मारणाऱ्या शस्त्रांच्या जवळ जातात, हे मी लपवत नाही. आमच्या टीममधून या कारणासाठी मुलं बाहेर पडली आहेत आणि मी त्यांना अडवलं नाही, त्यांच्या ग्रेडला धक्काही लागला नाही. माझं मत विचारलंत तर ही यंत्रं बनणारच आहेत, आणि चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर काळ्या चेहऱ्यांवर जास्त चुकतं हे दाखवून दिलं गेलंय, तेव्हा ज्यांच्यावर ती चूक उलटते त्यांच्यातलं कुणीतरी डिझाइन करताना त्या खोलीत असायलाच हवं.

शेवटी आपल्या मराठी मुलांचे मेसेज येतात त्यांच्यासाठी, कारण एचबीसीयूंमध्ये आपली मुलंही एमएस-पीएचडीला आहेत. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर टीममध्ये येण्याआधी त्या स्पर्धेचे नियम नीट वाचा, नागरिकत्वाची अट प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. लष्कराच्या लॅबमधल्या इंटर्नशिपला बहुतेक वेळा अमेरिकन नागरिकत्व लागतंच, आणि संरक्षण खात्याची स्मार्ट स्कॉलरशिप अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि ब्रिटनच्या नागरिकांसाठीच आहे. एक्सपोर्ट कंट्रोलमुळे, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी लोकांना देण्यावरच्या निर्बंधांमुळे, काही डेटा तुम्हाला दाखवताही येत नाही, मेंटर तोंडावर सांगायला लाजतात, तेव्हा पहिल्याच मीटिंगला तुम्हीच विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.