पहिल्या फिल्ममधली आई

आज धरमपेठेत एका मित्राच्या घरी भाच्याची दुसरी शॉर्टफिल्म पाहिली. पहिलीला बक्षीस मिळालं होतं. तिच्यातली आई एसटीच्या तिकिटाची घडी घालत बसते, बारीक, अजून बारीक. एक शब्द नाही. तेव्हा माझ्या घशात आवंढा आला होता. या वेळची आई तीन मिनिटं बोलतच राहते, वरून व्हायोलिन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. बक्षीस मिळाल्यापासून "हे जमलं नाही" असं त्याला आमच्यापैकी एकानंही म्हटलेलं नाही.

दिग्दर्शक राम गोपाल वर्मा आठवले. 1998 ला गाजलेला 'सत्या', 2007 ला आपटलेला 'आग'. जानेवारी 2025 मध्ये 'सत्या' परत थिएटरात लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहिलं की यशाची आणि अहंकाराची नशा चढली होती. एवढ्या मोठ्या माणसाला हे म्हणायला इतकी वर्षं लागली! आमचं पोरगं तर 22 वर्षांचं.

संध्याकाळी फुटाळा तलावावर त्याला गाठून सगळं सांगितलं. चेहरा उतरला त्याचा. "काऊन मामा, मंग टाळ्या कायले वाजवल्या?"

चुकलं माझं, म्हणालो. बराच वेळ तो पाण्याकडे पाहत बसला. मग मोबाईल काढून तोच सीन लावला, आवाज बंद करून.